व्हेंटिलेटरच्या कागदावर सही कोणाची?

तीन वर्षांपूर्वी माझे अब्बा आयसीयूत होते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून पेशंट जसा जातो तसेच ते गेले. आधी तालुक्याचा दवाखाना, मग "इथे सोय नाही, पुढे न्या", मग अकोला की औरंगाबाद यावर फोनाफोनी. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. व्हेंटिलेटर लावला. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी भावांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सुधारण्याची आशा जवळपास नाही, पुढे काय करायचं ते घरच्यांनी ठरवावं.

भाईजान म्हणाले, "अब्बांची मशीन काढली तर अल्लाहला काय तोंड दाखवायचं?" धाकटा गप्प होता. सोयाबीनचे पैसे गेले होते, अम्मीच्या बांगड्या गेल्या होत्या, ते त्यालाच माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? अब्बांना स्वतःला काय हवं होतं, हे ते चांगले हिंडत-फिरत असताना आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. तेराव्या दिवशी आम्ही 'डामा'वर सही केली आणि त्यांना घरी आणलं. मगरिबच्या आधी इंतकाल झाला.

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट नेतोय, जबाबदारी आमची, असं लिहून देणं. आपल्याकडे हा शब्द आता रिक्षावाल्यालाही कळतो. पण हा निर्णय विचाराने घेतलेला नसतो, खिशाने घेतलेला असतो. घरी आणल्यावर दम लागला, वेदना झाल्या तर काय द्यायचं हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. आणि ज्याचा जीव आहे त्याची इच्छा त्या कागदावर कुठेच नसते.

कायद्यात मात्र याहून वेगळा रस्ता आहे, आणि तो आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणातून निघाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची तरुण नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला रक्तपुरवठा थांबला आणि त्यानंतर ती ४१ वर्षांहून जास्त काळ त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होती. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला आता अन्न देणं थांबवावं, शांतपणे जाऊ द्यावं. केईएमच्या नर्सेसनी जोरदार विरोध केला. त्यांनी तिला वर्षानुवर्षं हाताने भरवलं होतं, अंगावर एक जखम होऊ दिली नव्हती. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे, असं म्हटलं. मात्र त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीव टिकवणारे उपचार थांबवता येतील, ही वाटही उघडली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचा मृत्यू झाला.

या प्रकरणात लोक दोन बाजू पाहतात, विराणी की नर्सेस. मला तिसरी गोष्ट दिसते. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी ती बोलू शकत होती त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं, विचारायचं कारणही नव्हतं.

मग ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरण येणं हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो की बरं होण्याची आशा संपली तर मला कोणते उपचार नकोत. यालाच लिव्हिंग विल म्हणतात. पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, आणि मॅजिस्ट्रेटकडे कोण जातंय? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने नियम सोपे केले. आता १८ वर्षांवरील, शुद्धीतल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकन-सही घ्यायची. आपण बोलू शकलो नाही तर कोण बोलेल, त्या एक किंवा जास्त माणसांची नावं त्यात लिहायची. कागद केव्हाही बदलता येतो, रद्दही करता येतो. माणूस शुद्धीवर असेल तर कागद बाजूला, त्याचं तोंडी म्हणणंच खरं.

कागद आहे म्हणून कुणी लगेच बटण बंद करत नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे दोन तज्ज्ञ तपासतात. मग दुसरं मंडळ तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोन्हीकडून होकार आणि कागदात नाव असलेल्यांची संमती आली, तर मॅजिस्ट्रेटला कळवून उपचार काढतात. कागद नसेल तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत. म्हणजे आमच्या अब्बांसाठीही डामाऐवजी हा रस्ता होता. आम्हाला माहीत नव्हता.

इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हा आहे. इस्लाममध्ये तर त्यावर चर्चाच नाही. स्वतःला मारू नका, असा कुरआनचा सूरह निसामध्ये स्पष्ट आदेश आहे. भाईजानच्या मनातली भीती तीच होती. पण मशीन काढणं आणि जीव घेणं एकच का? इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान इथे ठरवलं की मेंदूचं सगळं काम कायमचं थांबल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, तर हृदय मशीनवर चालू असलं तरी मशीन काढणं जायज आहे. १९९२ च्या ठरावात तिने हेही म्हटलं की शुद्धीतल्या प्रौढ माणसाच्या परवानगीशिवाय उपचार करू नयेत. आपल्या हनफी फिकहमध्ये जुना फरक आहे: औषध न घेता आजाराने मेला तो गुन्हेगार नाही, पण अन्न असून उपाशी राहून मेला तो गुन्हेगार. म्हणूनच अन्नपाण्याच्या नळीबाबत उलेमा जास्त सावध आहेत, त्यांच्यात मतभेदही आहेत. अरुणाच्या वेळीही प्रश्न व्हेंटिलेटरचा नव्हता, अन्नाचाच होता. लिव्हिंग विलमध्ये नळीबद्दल लिहिण्याआधी आपल्या मुफ्तींना विचारा, मोघम लिहू नका.

आणि एक हदीस मला अब्बांनंतर पुन्हा पुन्हा आठवते. बुखारीत आहे. प्रेषित (स.) शेवटच्या आजारात होते. घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका बाजूने औषध घातलं. त्यांनी इशाऱ्याने नको म्हटलं. घरच्यांना वाटलं, आजारी माणसाला औषध नकोसं वाटतंच, आणि त्यांनी ते दिलंच. शुद्धीवर आल्यावर प्रेषित (स.) नाराज झाले, मी नको म्हटलं होतं ना, असं विचारलं. मग तिथे हजर असलेल्या सगळ्यांना तेच औषध पाजायला लावलं, फक्त हजरत अब्बास (रजि.) सोडून, कारण ते तेव्हा तिथे नव्हते. आजाऱ्याच्या 'नको'ला किती वजन आहे, हे यापेक्षा स्पष्ट मला कुठे सापडलं नाही.

व्यवहाराचं थोडं. कागदाची एक प्रत नगरपालिका, पंचायत अशा स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं तेव्हा ती घ्यायला कुणी नेमलेलंच नव्हतं. ते उच्च न्यायालयात गेले, मग राज्याने असे अधिकारी नेमले. तुमच्या कार्यालयात टेबलावरच्या बाबूला माहीत नसेल तर वैतागू नका, २०२३ चा निकाल सांगा. घरच्या डॉक्टरांना आणि नाव लिहिलेल्या माणसांनाही एकेक प्रत द्या. मिळकतीच्या वसीयतीत हे मिसळू नका, ती मयतीनंतर उघडते.

मागच्या रमजानआधी असरच्या नमाजनंतर मी अम्मीला विचारलं. वाटलं होतं रडेल, रागावेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मशीन नको. दुखायला लागलं तर दवा द्या. कलमा कानात पडला पाहिजे आणि जमजम तोंडात. आणि सही तू कर, तुझे भाई भांडतील."

नोटरीची वेळ घेतली आहे. भाईजान साक्षीदार म्हणून येणार आहेत.