नोंद आपली, कपाट कोणाचे?

होमिओपॅथीच्या केसपेपरात रुग्णाची झोप, भीती, घरातली भांडणे असे सगळे लिहिलेले असते. त्यामुळे त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची आम्हा डॉक्टरांना काळजी. पैशांच्या नोंदींबाबत मात्र आपण हा प्रश्न क्वचितच विचारतो.

औषधांच्या दुकानात कार्ड वापरले की कार्डाचा क्रमांक, दुकान, रक्कम, वेळ यांची नोंद होते. ती परदेशातील संगणकातच राहिली, तर तपासणीच्या वेळी रिझर्व्ह बँकेला परक्या कंपनीच्या सोयीवर आणि परक्या कायद्यावर विसंबावे लागते. म्हणून ६ एप्रिल २०१८ रोजी तिने आदेश काढला: अशा व्यवहारांची संपूर्ण माहिती फक्त भारतातच साठवा, मुदत सहा महिने. प्रक्रिया बाहेर करता येते, पण तिथली नोंद पुसून फार तर चोवीस तासांत ती इथे आणावी लागते. अमेरिकेतला नातू तिथल्या बँकेच्या कार्डाने बेळगावात खरेदी करतो, तेव्हा मात्र एक प्रत बाहेर ठेवायला मुभा आहे. ते रास्तच, त्या व्यवहाराचे एक टोक तिकडे असते.

हा आदेश कागदावर राहिला नाही. २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे देशी ग्राहक घेण्यास मनाई झाली. जुनी कार्डे चालू राहिली. मास्टरकार्डवरची बंदी जून २०२२ मध्ये उठली.

इथपर्यंत मला हा नियम पटतो. पण 'डेटा देशात, म्हणजे सुरक्षित' हे काही पटत नाही. मुंबईतला संगणक फोडायला चोराला मुंबईत यावे लागत नाही. शिवाय अमेरिकेच्या २०१८च्याच क्लाउड कायद्यानुसार, तिथल्या कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असो, वैध आदेश आल्यास तिला तो द्यावा लागतो. म्हणजे कपाट आपल्या गावात आणि किल्ली परगावी!

आणि किल्ली गावातच असली तरी? आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सगळा डेटा देशातच ठेवा असे म्हणत नाही. सरकार ठरवील त्या देशांत पाठवण्यावर तो निर्बंध आणू देतो, आणि रिझर्व्ह बँकेसारखे कडक नियम कायम ठेवतो. मात्र त्याचेच कलम १७ देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याची वाट मोकळी ठेवते. सरहद्दीवर एवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी या कलमावर व्हायला हवी होती.