थंडीतली सकाळ आणि फोटोचे पहिले धडे



आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात. परिपाठाचे, वृक्षारोपणाचे, पोषण आहाराचे. बरेचसे अहवालाला जोडायचे म्हणून काढलेले. मीही तसेच काढायचे. मुलं रांगेत उभी केली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झालं काम!

माझी शाळा ऊसपट्ट्यात आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात आणि त्यांची काही मुलं हंगामापुरती आमच्या वर्गात बसतात. तीन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी तिसरीत आली. एक दिवस तिने पहिल्यांदा अख्खं पान न अडखळता वाचलं. मला इतका आनंद झाला, की पुस्तकासकट तिला खिडकीसमोर उभी करून मी फोटो काढला. मार्चमध्ये टोळी निघाली तेव्हा तिची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोरीचा एखादा फोटू हाय का?" मी मोबाइल उघडला. मागची खिडकी लख्ख आणि पोरीचा चेहरा काळाकुट्ट. बाकीच्या फोटोंत ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी डोक्याआड. आई "असू द्या बाई" म्हणून गेली. मला मात्र ते लागलं.

पुढच्या हिवाळ्यात मी फोटो काढायला शिकायचं ठरवलं. क्लास लावला नाही, कॅमेरा घेतला नाही. तोच जुना मोबाइल घेऊन रोज सकाळी घरापासून ओढ्यापर्यंत अर्धा तास चालायचं, एवढंच. त्यात जे उमगलं ते सांगते.

थंडीच का निवडावी?

फोटोग्राफी या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'प्रकाशाने रेखाटणे'. म्हणजे अभ्यास करायचा तो प्रकाशाचा. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात आणि कपाळ तेवढं चमकतं. डिसेंबरात मात्र आमच्या भागात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच असतो. ऊन तिरपं, सावल्या लांब. सकाळी तर आणखी छान! खाली असलेल्या सूर्याचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो, त्यात निळा रंग विखुरला जातो आणि पिवळा-तांबूस उरतो. म्हणून मातीची भिंतसुद्धा तेव्हा सोनेरी दिसते. शिवाय या दिवसांत सूर्य उगवतो सातच्या आसपास, त्यामुळे पहाटे चारला उठायचीही गरज नाही.

पहिला धडा : आधी काच पुसा

हसू नका! मोबाइल खिशात, पर्समध्ये, पिठाच्या हातात असतो. कॅमेऱ्याच्या काचेवर बोटांचा चिकटपणा बसतो आणि फोटो धुरकट येतो. मऊ सुती कापडाने पुसा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दुसरा धडा : सूर्य कुठे आहे ते बघा

माझ्या विद्यार्थिनीचा फोटो का बिघडला? कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाचा अंदाज घेतो. मागे लख्ख खिडकी असली, की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो सगळंच काळं करतो. उपाय सोपा आहे. माणसाला वळवा, उजेड समोरून किंवा बाजूने चेहऱ्यावर येऊ द्या. वळवणं शक्य नसेल तर पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा. बऱ्याच मोबाइलमध्ये तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते सरकवून उजेड वाढवता येतो.

धुक्यात याच्या जोडीची गंमत कळते. धुकं पांढरं असतं, पण फोटोत राखाडी, मळकट येतं. कारण तेच. तिथेही उजेड थोडा वाढवायचा.

तिसरा धडा : पायाने जवळ जा

दोन बोटांनी चित्र मोठं केलं, की बहुतेक मोबाइलमध्ये फोटोचा तपशील फुटतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा, गुडघ्यावर बसा. हरभऱ्याच्या पानांवरचं दव, बांधावरच्या गवतातलं थेंबांनी भरलेलं कोळ्याचं जाळं हे उभ्याने दिसतच नाही. दवाचे थेंब चमकायला हवे असतील तर ऊन मागून किंवा बाजूने घ्या. म्हणजे चेहऱ्याला जे चालत नाही, ते थेंबाला चालतं!

चौथा धडा : हलणारं आणि थांबलेलं

ओढ्याकाठी हिवाळ्यात पांढरा धोबी येतो. शेपटी सारखी वरखाली. माझे सुरुवातीचे सगळे फोटो पुसट आले. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो आणि तेवढ्यात पक्षी हलतो. ऊन चढल्यावर तोच फोटो स्पष्ट आला. वर्गात पळणाऱ्या मुलांचे फोटो का बिघडतात, तेही मला तिथेच कळलं.

पाचवा धडा : एकच जागा, रोज

नवीन ठिकाणं शोधू नका. मी ओढ्याजवळच्या एकाच बाभळीचा जवळजवळ महिनाभर रोज फोटो काढला. झाड तेच, पण धुक्यातलं वेगळं, उन्हातलं वेगळं, शेजारच्या गुऱ्हाळाचा धूर आला त्या दिवशीचं तर ओळखूच येईना. जागा बदलली नाही, की प्रकाशाने काय बदललं ते दिसतं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

मुलांच्या हातात मोबाइल द्यायची गरज नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला मधोमध आयताकृती खिडकी कापा. मुलांना मैदानात न्या, त्या खिडकीतून बघू द्या आणि विचारा, "चौकटीत काय ठेवलंस? काय बाहेर सोडलंस? सावली कुठल्या बाजूला आहे?" माझ्या वर्गातली मुलं यावर पाच-सहा वाक्यं सहज लिहितात. दिशा, सावली, वर्णनलेखन, सगळं एकाच तासात होतं. पालकांनो, रविवारी सकाळी मुलांसोबत एक फेरी मारा आणि फोटो मोजून दहाच काढा. मर्यादा असली की मूल आधी बघतं, मग काढतं.

एक महत्त्वाचं. कोप्यांजवळून जाताना, शेकोटीभोवतीच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांचे फोटो कुठेही टाकण्याआधी त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या.

आता दरवर्षी हंगामी मुलं वर्गात आली, की पहिल्याच आठवड्यात मी एकेकाला दाराच्या आत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभं करते. चेहरा नीट आला का ते लगेच तपासते. फोटो छापून आईच्या हातात देते. त्या मुलीची टोळी परत आमच्या गावात आली नाही. तिचा काळा फोटो मी अजून पुसलेला नाही.

चला तर मग, उद्या सकाळी स्वेटर घाला, काच पुसा आणि घराबाहेर पडा. ज्याचा फोटो काढायचा राहून गेलाय, असं कुणीतरी तुमच्याही वर्गात, तुमच्याही घरात असेलच.