दोन घड्याळं आणि एक अंतर
मंडळी, आधी आपली एसटी घेऊ. समजा, नाशिकपेक्षा त्र्यंबकचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. जाताना प्रवास 65 मिनिटांचा दिसेल, येताना 55 मिनिटांचा. सरासरी 60, हा खरा वेळ. फरकाचं निम्मं पाच, ही घड्याळाची चूक. दिशादर्शक उपग्रह आपसांतलं अंतर असंच दुहेरी मोजतात. चीनच्या बेइदू-3 मध्ये ही सोय आहे. एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 30 सेंटिमीटर! अर्थात घड्याळ बंदच पडलं तर इलाज नाही. 2013 साली सोडलेल्या आपल्या आयआरएनएसएस-1ए उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं अशीच गेली.

पण खरी मेख पुढे आहे. सुटल्याची नोंद झाली, तरी गाडी दोन्हीकडे तीन-तीन मिनिटं स्टँडवरच उभी राहिली तर? सरासरी 63 येते, आणि नोंदी बघायला गेलं तर कुठेच विसंगती नाही! उपग्रहाच्या यंत्रणेतही संदेश असा रेंगाळतो, पाठवताना आणि घेतानाही. हा विलंब उड्डाणाआधी मोजून ठेवतात. वर तापमानाबरोबर तो बदलतो, म्हणून जमिनीवरच्या केंद्रांच्या मोजमापाशी पुन्हा ताडून बघावं लागतं. सुसंगती म्हणजेच सत्य, असं म्हणणाऱ्यांशी मी वर्गात वर्षानुवर्षं भांडलो. तेव्हा ही एसटी कशी सुचली नाही, कोण जाणे.