नाताळचे नृत्यनाट्य आणि विदर्भाची राजकन्या

सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात १८ डिसेंबर १८९२ रोजी ‘नटक्रॅकर’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्योत्र चायकोव्हस्कीच्या संगीताला दाद मिळाली असली तरी नृत्यनाट्याविषयी टीकाकारांचे मत फारसे अनुकूल नव्हते. रंगभूमीवर लहान मुलांची गर्दी फार, मुख्य नर्तिकेला अर्धाअधिक खेळ संपेपर्यंत प्रवेशच नाही, आणि दुसऱ्या अंकात कथानक म्हणून काही उरत नाही, हे त्यांचे आक्षेप होते. आणि खरे सांगायचे तर ते आजही खोडून काढता येत नाहीत. तरीही त्याच नृत्यनाट्याशिवाय आज युरोप-अमेरिकेतील कित्येक शहरांचा नाताळ साजरा होत नाही, आणि अनेक नृत्यसंस्थांच्या सालाबादच्या जमाखर्चाचा तोल डिसेंबरातील याच खेळांच्या गल्ल्यावर सांभाळला जातो. एका सदोष कृतीला हे दीर्घायुष्य कशाने लाभले, हे पाहण्यात वऱ्हाडच्या रसिकाचा एक विशेष स्वार्थ आहे. तो काय, हे पुढे येईल.

मूळ कथा १८१६ ची, जर्मन लेखक हॉफमन याची. तिच्यातला भयाण भाग सौम्य करून अलेक्झांडर द्यूमाने १८४४ मध्ये ती फ्रेंचमध्ये सांगितली, आणि बॅलेकरांनी हाती घेतली ती ही दुसरी. नाताळच्या आदल्या रात्री एका मुलीला अक्रोड फोडण्याचा लाकडी बाहुला भेट मिळतो, मध्यरात्री उंदरांची फौज चालून येते, मुलगी आपली सपात फेकून त्या बाहुल्याचा जीव वाचवते, बाहुल्याचा राजपुत्र होतो आणि दोघे मिठायांच्या राज्यात जातात, इतकीच ही गोष्ट. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाने कोणत्या प्रसंगाला किती मात्रांचे संगीत हवे याचा बारकाईने मसुदाच संगीतकाराच्या हाती दिला होता. पुढे तो आजारी पडला आणि रचनेचा मोठा भाग त्याचा साहाय्यक लेव इव्हानोव्ह याने पुरा केला. चायकोव्हस्कीने १८९१ मध्ये पॅरिसला चेलेस्टा नावाचे, घंटिकांसारखा नाद देणारे नवे वाद्य ऐकले आणि ते रशियात मागवताना आपल्या प्रकाशकाला बजावले की रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांना त्याचा सुगावा लागू देऊ नका. मोठे कलावंतही असल्या बाबतींत किती संसारी असतात!

रशियन राज्यक्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह याने मारिन्स्कीच्या नृत्यलेखनाची दप्तरे देशाबाहेर नेली, आणि त्यांच्या आधारे १९३४ मध्ये लंडनला हे नृत्यनाट्य उभे राहिले. तथापि त्याचे भाग्य उजळले ते अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोत १९४४ च्या नाताळात विलम क्रिस्टेन्सन याने ते साद्यंत केले, आणि न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली जॉर्ज बॅलनशीन याने केले. बॅलनशीन स्वतः बालपणी मारिन्स्कीच्या प्रयोगांत नाचलेला असल्यामुळे, टीकाकारांनी दोष म्हणून दाखवलेली मुलांची गर्दी त्याने कमी न करता तिलाच खेळाचा आधारस्तंभ केले. ज्या गावात खेळ, त्या गावच्या नृत्यशाळेतली मुले रंगभूमीवर, आणि त्यांचे आईबाप, मावश्या, आजोबा प्रेक्षागृहात: ही व्यवस्था एकदा रूढ झाल्यावर त्या कृतीला मरण उरले नाही.

यानंतरच्या नवरचनांची यादी करू लागलो तर हा अंक पुरणार नाही. मार्क मॉरिसने १९९१ मध्ये ब्रुसेल्सला ‘द हार्ड नट’ करताना सारा प्रसंग अमेरिकेतल्या १९७० च्या सुमाराच्या एका उथळ घरात नेला आणि हिमकणांच्या नृत्यात स्त्री-पुरुष सरमिसळ नाचवले. मॅथ्यू बोर्नने १९९२ मध्ये नाताळ मांडला तो एका अनाथालयात. मला सर्वांत मोलाची वाटते ती शिकागोच्या जॉफ्री बॅलेसाठी ख्रिस्तोफर व्हील्डन याने २०१६ मध्ये केलेली रचना. तिच्यात श्रीमंत दिवाणखाना नाही. १८९३ चे जागतिक प्रदर्शन ज्या मैदानावर बांधले जात होते तेथल्या मजुरांच्या झोपडीत, १८९२ च्या डिसेंबरात, म्हणजे मूळ खेळ पीटर्सबर्गला झाला त्याच महिन्यात, एक परदेशातून आलेली शिल्पकार विधवा आपल्या मुलांसह सण साजरा करते आहे. मिठायांच्या राज्याऐवजी मुलीला स्वप्नात ते प्रदर्शनच पूर्ण झालेले दिसते, आणि त्या प्रदर्शनाची राणी असते तिची आई. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. संगीत सारे मूळचेच ठेवून केवळ सण कोणाच्या घरी साजरा होतो हे बदलल्याने सव्वाशे वर्षे जुन्या कृतीत एवढा जीव येतो.

या नृत्यनाट्याला एक कलंक मात्र होता. दुसऱ्या अंकात चहा म्हणजे चीन आणि कॉफी म्हणजे अरबस्तान असे परदेशांचे नाच येतात. कॉफीचे सूर मुळात जॉर्जियातल्या अंगाईगीताचे, अरबस्तानशी त्यांचा संबंध नाही. आणि चहाचा नाच तर बोटे वर करून, माना डोलवून, लोंबत्या मिशा लावून केलेली चिनी माणसाची नक्कल झाला होता. बॅलनशीनच्या न्यूयॉर्कच्या संस्थेने २०१७ मध्ये ही नक्कल सौम्य केली आणि पुढे इतरांनीही केली. आपण त्यांना हसू नये. आपल्या चित्रपटांत आणि गॅदरिंगांत पिसे खोवून, काळे फासून जो ‘आदिवासी नाच’ दाखवला जातो, त्याची जातकुळी हीच आहे.

निर्जीव बाहुल्यात प्राण ओतण्याची कल्पना महाराष्ट्राच्या भूमीवरही एकदा अप्रतिम साकार झाली. नर्तक उदयशंकर रशियन नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हाबरोबर १९२३ मध्ये लंडनला नाचले, त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शांती बर्धन घडले, आणि बर्धनांनी १९५२ साली मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ काढून रामायण उभे केले, ते नर्तकांना कठपुतळ्यांप्रमाणे ताठ, कोनाकोनांत हलायला लावून. बर्धन १९५४ मध्ये क्षयाने गेले. परंतु त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी ग्वाल्हेर आणि नंतर भोपाळ येथे संस्था नेऊन ते रामायण दशकानुदशके जिवंत ठेवले. मुंबईने ती संस्था हातची जाऊ दिली, हे मात्र नोंदवलेच पाहिजे.

आता तो स्वार्थ. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे, तेच रुक्मिणीचे माहेर, आणि श्रीकृष्णाने तिला अंबादेवीच्या देवळातून नेले ही अमरावतीकरांची पिढीजात श्रद्धा. या कथेने नवा वेष घेण्याचे कधी टाळले नाही: यादवकाळी महानुभाव कवी नरेंद्राने तिचे काव्य केले, एकनाथांनी काशीत बसून तिला अध्यात्माचा अर्थ दिला आणि लग्नाच्या मुली त्या पोथीचे पारायण करू लागल्या, आणि १९१६ मध्ये खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांनी रुक्मिणी उभी केली, भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे गेली, आणि जिच्या माहेरच्या मुलखात आपण राहतो तिच्यासाठी आपण दरसाल होणारा एकही खेळ रचलेला नाही.

साधनांची वाण नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवले. मल्लखांबावर वाढलेले शरीर कोणत्याही बॅलेच्या तालमीला पुरून उरेल. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला आणणाऱ्या अकोलेकरांना हजारो माणसांचा सोहळा वर्षानुवर्षे कसा चालवावा हे कोणी शिकवायला नको. मेळघाटातील कोरकूंना नाच शिकवण्याचा आगाऊपणा तर कोणी करूच नये. त्यांचा गदली-सुसून या खेळात येईल तो त्यांनी स्वतः ठरवलेल्या रीतीने, त्यांच्याच पावलांनी, पूर्ण मानधन घेऊन यावा, नाहीतर येऊच नये.

काळही ठरलेलाच आहे. दिवाळीची सुट्टी लागते आणि कार्तिकी पौर्णिमेला कौंडण्यपूरची यात्रा भरते, त्या मधल्या दिवसांत शाळांतली मुले मोकळी असतात. अमरावती आणि अकोला येथील नाट्यसंस्थांना, नृत्यशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना विनंती एवढीच की पुढल्या दिवाळीत तासाभराचे का होईना, रुक्मिणीचे नृत्यनाट्य गावातल्या मुलांना घेऊन करावे; पहिला प्रयोग फसला तर घाबरू नये, दुसऱ्या वर्षी पुन्हा करावा.