चेहऱ्याची जखम आणि पहिला अर्धा तास

खानापूर तालुक्यातील एखाद्या आडवाटेच्या वाडीतून बेळगावला यायचे, तर पावसाळ्यात दोन तास सहज जातात. अशाच एका वाडीतून नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला होता. शेवाळावरून घसरून तो दगडी पायरीवर तोंडघशी पडला होता. आईने ओठाच्या जखमेत हळद चेपली होती आणि निखळलेला पुढचा दात स्वच्छ घासून, कोरड्या रुमालात जपून बांधून आणला होता. ओठ टाक्यांनी सांधला गेला. दात मात्र वाया गेला. तो लगेच दुधात ठेवला असता, तर कदाचित वाचला असता. घरी दूध होते, पण तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. हा दोष तिचा नव्हे, आम्हा डॉक्टरांचा.

चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असल्याने लहान जखमही भळभळा वाहते. परंतु अधिक धोका असतो तो रक्त घशात उतरून श्वास अडण्याचा. म्हणून शुद्धीवरील मुलास बसवून किंचित पुढे वाकवावे व रक्त थुंकू द्यावे. बेशुद्ध असल्यास मान न पिरगळता कुशीवर वळवावे. उताणे निजवू नये. तोंडात पाणी घालू नये.

जखमेवर धुतलेल्या सुती कापडाची घडी दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये. हळद, कॉफीची पूड, राख काहीही भरू नये. टाके घालण्यापूर्वी ते धुऊन काढताना मुलाच्या यातना वाढतात.

कायमचा दात निखळल्यास मुळास स्पर्श न करता वरच्या भागाने धरावा, क्षणभर विसळावा आणि जमल्यास लगेच खोबणीत बसवावा. न जमल्यास थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. त्याहून उशीर झाला तरी दात दुधातच न्यावा. दुधाचा दात पडला असेल, तर तो मात्र परत बसवू नये.

डोळ्यात तंबाखूसोबतचा चुना उडाल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान अर्धा तास धुवावे. डोळ्याला छेद गेला असेल, तर न धुता, न दाबता वर कागदी पेला टेकवून निघावे. कुत्रा चावल्यास साबण-पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी प्रतिबंधक लस सुरू करावी.

झापड, वारंवार उलट्या, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, एकाचे दोन दिसणे, वरखालचे दात न जुळणे यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता १०८ ला फोन करावा.

व्यवसायबंधूंना एकच विनंती. लसीकरणासाठी बाळ घेऊन आलेली आई आपल्यासमोर दहा मिनिटे बसते. त्यातली दोन मिनिटे या गोष्टींसाठी द्यावीत. वाडीतल्या मुलाचा पहिला डॉक्टर तीच असते.