रामबाण नव्हे, तरीही...

कर्करोगावर 'नॅनो' औषध निघाले असून ते निरोगी पेशींना धक्काही न लावता नेमके गाठीवर जाऊन आदळते, अशा वार्ता अधूनमधून झळकतात आणि घरात रुग्ण असलेली माणसे ते कात्रण घेऊन डॉक्टरांकडे धावतात. या वार्तांत तथ्य किती आणि अलंकार किती, हे एकदा तपासावयास हवे.

डॉक्सोरुबिसिन या लालभडक औषधाचेच पाहा. कर्करोगाच्या पेशी ते मारते खरे. परंतु त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचे स्नायू दुबळे होतात. गाठ विरघळावी आणि काळीज खचावे, असा हा सौदा! हे औषध मेदाच्या, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या कुपीत कोंडण्याची युक्ती जेरुसलेमच्या बारेनहोल्झ व गाबिझोन यांनी साधली आणि १९९५ साली 'डॉक्सिल' या नावाने त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, म्हणून सच्छिद्र असतात. मोठे रेणू त्यांतून झिरपून तेथेच साचतात, हे जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली दाखविले होते. हृदयाच्या धडधाकट वाहिन्यांतून मात्र ही कुपी सहसा बाहेर पडत नाही. म्हणजे येथे नेम असा कोणी धरलेलाच नाही. गळक्या पन्हळीतून पाणी ठिबकावे, तसा हा प्रकार आहे.

आणि ठिबकते तरी किती? टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक वाटा अवघा ०.७ टक्का निघाला. यकृत आणि प्लीहा बरेचसे कण वाटेतच गिळतात. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात डॉक्सिल व साधे डॉक्सोरुबिसिन यांची तुलना झाली, तीतही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. हृदयाची इजा मात्र पुष्कळच घटली. तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास तेवढा वाढला.

हृदय वाचले, हीच आमच्या मते या औषधाची खरी थोरवी, आणि ती लहान मुळीच नाही. परंतु 'नॅनो' या दोन अक्षरांपायी दागिने गहाण टाकण्यापूर्वी कुटुंबाने डॉक्टरांना विचारावे, की या औषधाने आयुष्य वाढेल की त्रास वाचेल?

२०१२ साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तेथील सरकारने सन फार्मा या भारतीय कंपनीचे 'लिपोडॉक्स' तात्पुरते आयात होऊ दिले. परदेशाची नड भागविणारे हे औषध साध्या डॉक्सोरुबिसिनहून महाग आहे. सरकारी इस्पितळांत ते सरसकट देता येणार नाही. पण ज्यांचे हृदय आधीच अधू आहे, अशा गरीब रुग्णांना तरी ते विनामूल्य मिळाले पाहिजे.