ओट्स, जव आणि आंबील

अम्मीच्या आजारपणात प्रश्न आला, हिला खायला काय द्यायचं? दात नाहीत, त्यात मधुमेह. मुलांनी ओट्सचा डबा आणला. ओट्स वाईट नाहीत. शिजताना त्यांना जो बुळबुळीतपणा येतो तो बीटा-ग्लुकनचा, आणि तेच कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतं. पण ते जवातही असतं! जवाच्या पिठाची दुधातली पातळ खीर, तलबीना, आजाऱ्याला आणि दुःखात असलेल्याला देण्याची मुसलमानांत जुनी रीत आहे.

अम्मीला मात्र नाचणीची आंबीलच हवी. रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. आंबवल्याने नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते. शिवाय 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. तांदळात ते नावालाच.

पण मंडळी, नाचणी झाली तरी धान्यच. पातळ आंबिलीनेही रक्तातली साखर वाढते. म्हणून मधुमेह्याने ती भाकरीऐवजी घ्यावी, जेवणावर आणखी वाटीभर नको. हे अम्मीला पटवणं कविता लिहिण्याहून अवघड आहे. सध्या एका वाटीवर तडजोड झाली आहे, वर लसणाची फोडणी हवी या अटीवर.